चार नंबरच्या रॉडला रील किती हलकी?

भंडारा जिल्ह्यातल्या एका गावातून शिक्षक असलेल्या वाचकाचं पत्र आलं आहे. लहानपणापासून बोडीवर, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यावर, गरी टाकायची त्यांना सवय. दोन वर्षांपूर्वी परदेशात राहणारा मावसभाऊ सुटीवर आला होता. जाताना तो आपला चार नंबरचा फ्लाय रॉड, म्हणजे पिसांच्या नकली किड्याने मासे धरायची लवचिक काठी, आणि जुनी रील, म्हणजे दोरी गुंडाळायची चक्री, त्यांच्याकडे ठेवून गेला. तेव्हापासून रविवारची सकाळ तलावाच्या पाळीवर जाते. मात्र तासाभरात मनगट आणि अंगठ्याचं मूळ भरून येतं. जुनी रील १४० ग्रॅमची आहे, दुखणं तिच्या वजनाचंच असं त्यांना वाटतं. त्यांनी ८० ग्रॅमची एक रील पाहून ठेवली आहे, किंमत १४ हजार. पत्नी म्हणतात, "घेऊन टाका." पण जूनमध्ये मुलीची फी भरायची आहे. तलावावर जाळं टाकणारे ढिवर काकाजी म्हणतात, "मास्तर, मासोरी दोरीले लागते, चक्रीले नाई." त्यांच्यासमोर एवढी महागडी वस्तू काढायला संकोच वाटतो. ते विचारतात: हलक्या रॉडला सगळ्यात हलकी रील घेणं बरोबर आहे ना? आणि हा शौक आपल्यासारख्या माणसाला शोभतो का?

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात रीलचं वजन आहे, किंमत आहे, रंगसुद्धा आहे. रॉडची लांबी मात्र कुठेच नाही. तुम्हाला ती सांगण्यासारखी वाटली नसेल, पण माझं निम्मं उत्तर त्या लांबीवर अवलंबून आहे.

आधी त्या 'चार नंबर'चं बोलू. तुम्ही लिहिता, "रॉड चार नंबरचा, म्हणजे हलका, म्हणून रीलही तितकीच हलकी हवी." हा आकडा रॉडच्या वजनाचा नाही, लाइनच्या, म्हणजे फेकायच्या जाड दोरीच्या वजनाचा आहे. आपल्या गरीला शिशाचा तुकडा बांधला की त्याच्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लाय म्हणजे नुसती पिसं आणि दोरा. तिला स्वतःचं असं वजनच नाही, त्यामुळे ती फेकता येत नाही. आपण फेकतो ती लाइन, आणि फ्लाय तिच्यामागे ओढली जाते. म्हणून लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन धरून नंबर ठरवले गेले: तीन नंबरला १०० ग्रेन, चारला १२०, पाचला १४०. १२० ग्रेन म्हणजे जेमतेम पावणेआठ ग्रॅम. तुमचा रॉड एवढं वजन नीट फेकतो, इतकंच तो आकडा सांगतो. चार नंबरचा रॉड साडेसात फुटांचाही असतो आणि नऊ फुटांचाही, आणि या दोघांना लागणारी रील एक नसते. रीलवर ३/४ किंवा ४/५ असं लिहिलेलं असतं, ते तिच्यात कोणत्या नंबरची लाइन मावेल यासाठी. तिचं वजन त्यावरून कळत नाही.

आता वजनाकडे येतो. तुमच्या गावात अजून बंडी जुंपत असतील. पोती भरताना सगळी पुढे रचली, तर जू बैलांच्या मानेवर बसतं आणि दोन फर्लांगांत बैल घामाघूम होतात. सगळी मागे रचली, तर बंडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पोती तेवढीच, बंडी तीच, बैलही तेच. जुना गाडीवान पोत्यांची संख्या मोजण्याआधी ती चाकाच्या पुढे किती आणि मागे किती हे बघतो.

रॉडचं अगदी तसंच आहे. तुमची पहिली बोटं मुठीच्या पुढच्या टोकाला असतात, तो आस समजा. रील त्याच्या मागे, साधारण १८ सेंटिमीटरवर. रॉडचा शेंडा पुढे, नऊ फुटी असेल तर अडीच मीटरवर. म्हणजे शेंड्यावरच्या एका ग्रॅमला तोलायला मागे सुमारे १४ ग्रॅम लागतात. तुम्ही १४० ची रील काढून ८० ची लावाल, तेव्हा मागून ६० ग्रॅम जातील. हातात धरल्यावर मनगटाला ते शेंड्यावर चार ग्रॅम लटकवल्यासारखं वाटेल. तुमची लाइनच पावणेआठ ग्रॅमची आहे, आणि त्याच्या अर्ध्याहून जास्त वजन तुम्ही १४ हजार मोजून रॉडच्या टोकावर टांगणार.

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी मीही नऊ फुटी रॉडला मिळेल ती सगळ्यात हलकी रील लावली होती. दुकानात तळहातावर घेतली तेव्हा फूल घेतल्यासारखं वाटलं, आणि तिथेच निर्णय झाला. पहिल्याच सकाळी तासाभरात अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत कळ गेली. शेंडा सारखा पाण्याकडे झुकायचा, मी मनगटाने तो वर ओढायचो आणि मूठ नकळत आवळायचो. सोबत एक शेजारी होते. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग खिशातली चुन्याची डबी काढली आणि मोटारपंपाच्या वायरला गुंडाळायच्या काळ्या टेपने ती रीलच्या खाली बांधून दिली. डबी भरलेली होती. रॉड हातात घेतला आणि शेंडा आपोआप आडवा थांबला, जणू कुणीतरी पलीकडून हात दिला. त्या दिवशी दुपारपर्यंत मी त्याच हाताने फेकत होतो.

म्हणून रील विकत घेण्याआधी एक रविवार हे करा. रॉडमधून रील काढा. लाइन रिंगांतून ओवून शेंड्याबाहेर हातभर सोडा. रील बसते त्या जागी किराणा दुकानातली एक छोटी प्लास्टिकची पिशवी रबराने बांधा. मुठीच्या पुढच्या टोकाखाली तर्जनी आडवी धरून रॉड तिच्यावर ठेवा आणि पिशवीत मूठमूठ तांदूळ घालत जा. रॉड आडवा थांबला, किंवा शेंडा किंचितसा खाली राहिला, की थांबा. मग पिशवी तोला. सोनाराकडचा काटा सगळ्यात बरा, नाहीतर स्वयंपाकघरातला डिजिटल काटाही चालेल. जो आकडा येईल तो रील, लाइन आणि बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागे जोडलेली बारीक दोरी, मिळून. जुन्या रीलवरची लाइन आणि बॅकिंग सोडवून तीही तोला आणि वजा करा. उरेल ते तुमच्या रॉडला हव्या असलेल्या रिकाम्या रीलचं वजन. माझ्या नऊ फुटी चार नंबरला पिशवीत १५८ ग्रॅम बसले होते, साडेसात फुटी तीन नंबरला ११८. तुमचा आकडा तुमच्या रॉडचा येईल, माझा धरू नका.

यातून तीन गोष्टी निघू शकतात. एक, तुमची जुनी १४० ची रीलच बरोबर ठरेल. रॉड नऊ फुटी असेल तर मला हीच शक्यता सगळ्यात मोठी वाटते. मग दुखण्याचं मूळ तुमच्या मुठीत आहे. गरीचा बांबू आपण घट्ट धरतो, कारण झटका द्यायचा असतो. फ्लाय रॉड चिमणीचं पिल्लू धरावं तसा धरायचा, आणि फक्त मागे-पुढे थांबण्याच्या क्षणी बोटं आवळायची. जोर कोपरापासून येऊ द्या, मनगट वाकवून फटका मारू नका. अर्धा तास फेकलं की दहा मिनिटं रॉड खाली ठेवा. एवढं करूनही महिनाभरात दुखणं गेलं नाही, तर डॉक्टरांना हात दाखवा. फळ्यावर रोज लिहिणारा तुमचा तोच हात आहे, त्याची हयगय करू नका.

दोन, रील थोडी हलकी निघेल. त्यासाठीही नवी रील लागत नाही. मोटारपंप रिवायंडिंगच्या दुकानातून तांब्याची थोडी जाड तार आणा. स्पूलवरून, म्हणजे रीलच्या फिरत्या चाकावरून, सगळं उतरवून तळाला ती समान गुंडाळा, टेपने झाका आणि वर पुन्हा बॅकिंग भरा. हव्या त्या ग्रॅमला रील येऊन बसते.

तीन, रॉड साडेसात फुटांचा किंवा त्याहून आखूड आहे आणि रील खरंच जड आहे, म्हणजे बंडी उलाळ झाली आहे. फेकताना शेंडा तरंगतो, लाइन कुठे थांबवायची ते हाताला कळत नाही. तेव्हा हलकी रील घ्या, निःशंक घ्या. हलकी रील वाईट असं मी म्हणत नाही. आखूड, दोन-तीन नंबरच्या रॉडला ती हवीच असते. जड रीलचं वजन कमी करायला बॅकिंग काढण्याखेरीज फारसा उपाय नाही, त्यामुळे शंका असली तर दहा-पंधरा ग्रॅम हलकी घेणं शहाणपणाचं.

घ्यायचीच झाली तर काय बघायचं? तुमच्या तलावात चार नंबरच्या रॉडला काय लागतं, त्यापासून सुरुवात करा. तिलापिया, खवल्यांची लहान चंदेरी मासळी, क्वचित पाव-अर्धा किलोचा रोहू. हे मासे रीलने ओढायचेच नसतात. डाव्या हाताने लाइन ओढून पायाशी सोडत आणतो आपण. रील तेवढा वेळ लाइन साठवून गप्प बसते. तुमच्या काकाजींचं म्हणणं इथे शंभर टक्के खरं आहे. महागड्या रीलमध्ये बरेच पैसे जातात ते तिच्या डिस्क ड्रॅगचे, म्हणजे पळणाऱ्या माशाला रोखणाऱ्या ब्रेकची. पाव किलोच्या तिलापियाला त्या ब्रेकची गरज नाही. जुन्या पद्धतीची क्लिक-अँड-पॉल रील, ज्यात एक छोटा दाता दातेरी चाकावर कटकटतो, तुम्हाला पुरून उरते. ती उघडता येते, शिवणयंत्राच्या तेलाच्या एका थेंबावर चालते आणि बिघडली तर गावातला घड्याळजीही बघू शकतो.

पण मामा तलावात, म्हणजे आपल्या माजी मालगुजारी तलावात, मोठा रोहू असतो, आणि एखाद्या दिवशी तो तुमची फ्लाय घेईल. तेव्हा साठ-सत्तर फूट लाइन क्षणात जाते आणि स्पूल उलटं भरधाव फिरून गुंता होतो. क्लिकच्या रीलवर त्या वेळी तळहात स्पूलच्या कडेला हलकेच टेकवायचा असतो, म्हणून स्पूलची कड बाहेर उघडी आहे का ते पाहून घ्या. बॅकिंग किमान ५० मीटर ठेवा. मरळ मात्र या रॉडने धरायला जाऊ नका. ती शेवाळ-कमळात घुसते, तिथून ओढून काढायला सात-आठ नंबरचा रॉड आणि जाड लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला नायलॉनचा दोरा, लागतो. लीडरचं बारीक टोक, टिपेट, तुटलं की हूक तिच्या तोंडात राहतो. आणि पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा बुडबुडताना दिसला, तर तिथे काहीच टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात. ते गेले तर पिल्लं वाचत नाहीत.

स्पूलचा गाभा मोठा असलेली, लार्ज आर्बर रील घ्या. साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या स्पूलवर एका फेऱ्याला साडेतेवीस सेंटिमीटर लाइन येते, चार सेंटिमीटरच्या गाभ्यावर साडेबारा. लाइनला घट्ट वेटोळी पडत नाहीत हा त्याहून मोठा फायदा. स्पूल आणि चौकट यांच्यातली फट उजेडाकडे धरून बघा. बारीक नायलॉन त्यात सरकत असेल तर ती रील घेऊ नका. ऐन वेळी लाइन तिथेच अडकते आणि मासा जातो. चौकट फार पातळ नको. आपल्या तलावांच्या पाळीला दगड आहेत, रील कधी ना कधी पडतेच. ओतीव अॅल्युमिनियम फुटतं, एकसंध ठोकळ्यातून कोरलेलं वाकतं, आणि वजन कमी करायला अति कोरलेलं लवकर वाकतं. कड जरा वाकली की स्पूल घासायला लागतं. त्या भोकांचा इतिहास मला फार आवडतो. १८७४ साली अमेरिकेत चार्ल्स ऑर्व्हिस यांनी बाजूच्या चकत्यांना भोकं पाडलेल्या रीलचं पेटंट घेतलं. वजन घटावं हे होतंच, शिवाय तेव्हाच्या रेशमी लाइनला वारा लागून ती सुकावी आणि कुजू नये हेही होतं. आपल्याकडे त्याच भोकांतून काळ्या मातीचा गाळ आत जातो. घरी आलात की स्पूल काढून साध्या पाण्याने धुवा, पुसा, रात्रभर सावलीत ठेवा. डिस्क ड्रॅगची रील असेल तर डिस्कवर तेल पडू देऊ नका.

आता ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही ते. तुमचा रॉड थंड मुलखातून आला, त्यावरची लाइनही तिथलीच असणार. ती बर्फाच्या पाण्यात मऊ राहावी म्हणून बनवलेली असते. आपल्या एप्रिल-मेच्या ४५ अंशांत ती कणकेसारखी लिबलिबीत होते, रिंगांना चिकटते, पुढे सरकत नाही. ती पुढे जावी म्हणून माणूस हात आणखी जोरात मारतो. तुमच्या मनगटाचं दुखणं उन्हाळ्यात वाढतं असं तुम्ही एका ओळीत लिहून गेला आहात. माझा पहिला संशय या लाइनवर आहे. उष्ण पाण्यासाठीची, ताठ गाभ्याची लाइन मिळते. रीलसाठी ठेवलेल्या पैशांतले आधी तिच्यावर घाला, बाकीचे फीसाठी राहू द्या. आणि रील लाइनसकट कधीही मोटारसायकलच्या डिकीत किंवा टिनाच्या छपराखाली दुपारभर ठेवू नका.

८० ग्रॅमची ती रील घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान पिशवी तोलल्याशिवाय नाही. तुम्ही ती पाहून ठेवली त्यामागे हाताचं दुखणं आहेच, पण मला पत्रात आणखी काहीतरी जाणवलं. उधारीच्या रॉडवर, कुणाच्या तरी जुन्या रीलवर आपण शिकतो आहोत, आपलं स्वतःचं असं काही नाही, अशी एक खंत त्यात आहे. ती खंत खोटी नाही. स्वतःच्या कमाईची एक वस्तू हातात असावी, हे वाटणं चांगलंच आहे. ती वस्तू लाइन असू द्या, किंवा स्वतः बांधलेल्या फ्लाय. कोंबड्याची मानेची पिसं गावात फुकट मिळतात, शिवणाचा दोरा घरात आहे, फक्त हूक मागवावे लागतील. पहिला मासा स्वतः बांधलेल्या फ्लायला लागतो तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो.

शौक शोभतो का, याचं उत्तर मला जड जात नाही. शोभतो. पहाटे उठून पाण्याकडे दोन तास एकटक बघणाऱ्या शिक्षकाला काय शोभत नाही? काकाजींसमोर वाटणारा संकोच मात्र नीट तपासा. रील महाग आहे म्हणून तो वाटत नसावा. त्यांचं पोट त्या तलावावर आहे आणि आपण तिथे मौजेला जातो, म्हणून तो वाटतो. मग त्यावरचा उपायही रीलमध्ये नाही. कोहळी लोकांनी बांधलेले हे मालगुजारी तलाव आज बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायट्यांच्या ताब्यात ठेक्याने असतात. सोसायटीला विचारून जा, हवं तर वर्षाची काही रक्कम द्या आणि पावती घ्या. हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, म्हणजे लहान मासा फारशी इजा न होता सुटतो. मोठा लागला तर तो सोसायटीचा, हे आधीच बोलून ठेवा. नवेगावबांधच्या किंवा नागझिऱ्याच्या बाजूला राहत असाल तर तिकडचं पाणी २०१३ पासून व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे गरीही नको आणि रॉडही नको. आणि एकदा काकाजींच्या हातात रॉड द्या. जाळं फेकणारा हात वजन कुठे सोडायचं हे आपल्यापेक्षा चांगलं जाणतो. त्यांनी दोन-चार वेळा फेकलं की तुमच्या मनगटाचं काय चुकतं ते त्यांना दिसेल, आणि तुम्हाला ते माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत सांगतील.

असाच प्रश्न घेऊन बसलेल्या इतर वाचकांनाही हेच सांगेन: दुकानात रील तळहातावर तोलू नका. आपला रॉड सोबत न्या, रील त्यावर चढवा आणि मग बोटावर ठेवून बघा. ऑनलाइन मागवत असाल तर तांदळाची पिशवी आधी, ऑर्डर नंतर.

भाऊ, येत्या रविवारी पिशवी तोला आणि आकडा कळवा. सोबत रॉडची लांबीही लिहा. मुठीच्या वर, पहिल्या रिंगेच्या अलीकडे बारीक अक्षरांत छापलेली असते, नंबरच्या शेजारीच.